बोल म्हणजे चेंडू

मी चेंडू. फुटबॉलचा, अस्सल चामड्याचा, अठरा तुकडे जोडून शिवलेला. जन्म स्वीडनचा, मुक्काम कॅनडात विनिपेगला आणि बोलतोय मराठीत. नवल वाटून घेऊ नका. एका खोलीत कपाटावर बसून सव्वा वर्षं, आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास मराठी ऐकली की कुणालाही येईल. ती कुणाची मराठी ते सांगतोच. पण आधी माझं कूळ सांगू द्या. म्हातारा झालोय, मध्येच तोडलंत तर धागा सुटतो.

१९४९ साली घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका कारागिरानं मला शिवलं. पोटात रबरी फुगा, वरून गाईचं चामडं आणि एका बाजूला फट. फुग्यात हवा भरायची, फट चामड्याच्या वादीनं करकचून आवळायची, की झालो मी तयार. वादी बांधलेली असे तिथूनच कुणी डोक्यानं मारलं की कपाळ फुटायचं. यात माझा काय दोष? कुठून मारायचं ते बघून मारावं माणसानं.

मी गेलो उत्तरेकडच्या हालविक नावाच्या गावी. गाव कसलं, लाकूड कापायची एक मोठी गिरणी आणि भोवती घरं. गिरणीतलीच पोरं संध्याकाळी खेळायची. त्यांचा सेंटर फॉरवर्ड रुने वेस्टमन, वय तेवीस. उंच, हसरा, आणि स्वतःवर बेहद्द खूश. त्याच्या डाव्या हाताला खेळायचा त्याचा मित्र ओके. हो, नावच ओके, होकार नव्हे. त्यांच्याकडे असतात अशी नावं. हा ओके काडीसारखा बारीक आणि अबोल, पण त्याचा पाय लागला की मला कळायचं, आता मी नेमका कुठे जाऊन पडणार. रुनेच्या पायात.

त्या शरद ऋतूत रुनेनं एका सामन्यात तीन गोल मारले. तिन्ही वेळा मला ओकेनंच पुढे सारलं होतं. क्लबनं मला रुनेला बक्षीस देऊन टाकलं. घरी जाताना रुने म्हणाला की अर्धा चेंडू तुझा. ओके म्हणाला, गोल तू मारलेस, चेंडू तुझा. एवढं लांबलचक वाक्य तो वर्षातून एखाद्या वेळीच बोलत असेल.

रुनेचं नाव झालं, आणि इटलीहून माणूस आला. पो नदीकाठच्या एका क्लबला फॉरवर्ड हवा होता. रुनेनं सही केली आणि १९५१ च्या एका सोमवारी सकाळी मला पिशवीत घालून तो निघाला. ओकेला सांगितलंच नाही. ओकेला कळलं ते गिरणीत हजेरी घेणाऱ्याकडून.

इटलीत पहिल्या मोसमात रुनेनं एकोणीस गोल मारले. पेपरात फोटो यायचे. माझा वाटा त्यात शून्य. मी त्याच्या खोलीत खिडकीशी बसून वाळत होतो. पण संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन तेल चोळायचा, तेव्हा त्याचा चेहरा मला दिसायचा. फोटोतल्याइतका तो खूश नसायचा.

त्या काळी स्वीडनमध्ये नियम होता की पैसे घेऊन खेळणाऱ्याला देशाच्या संघात जागा नाही. त्यामुळे रुनेला देशाचा सदरा कधी मिळाला नाही. पुढे तो नियम गेला, १९५८ ला वर्ल्ड कप स्वीडनमध्येच झाला, बाहेर गेलेल्यांना परत बोलावलं. पण रुनेचा गुडघा तोवर कामातून गेला होता. त्यानं सगळे सामने रेडिओवर ऐकले. मी मांडीवर होतो. गोल झाला की लोक ओरडायचे आणि तो मला घट्ट धरायचा. बत्तीस वर्षांचा माणूस, पण त्या महिन्यात एकदम म्हातारा झाला.

मग तो मॅनेजर झाला. हालविकच्या जुन्या क्लबनंच त्याला १९६३ ला परत बोलावलं. आता त्याची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर आहे.

गिरणीतली माणसं तोंड उघडत नसत. सामना हरले तरी गप्प, जिंकले तरी गप्प. रुनेनं युक्ती काढली. सामना झाला की सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत गोल बसवायचं आणि मला एकाच्या हातात द्यायचं. ज्याच्या हातात चेंडू, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये चकार शब्द काढायचा नाही. झालं की शेजारच्याला चेंडू द्यायचा. चेंडू नाही तर बोलणं नाही, हा नियम मॅनेजरलाही लागू. सुरुवातीला माणसं मला धरून नुसती लाल व्हायची. मग हळूहळू बोलायला लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मानाचं काम कुठलं विचाराल तर ते तीन गोल नाहीत, हे.

ओके अजून खेळत होता. वय सदतीस, केस गेलेले, पण पाय तोच. गावाचा फार जीव त्याच्यावर. १९६४ च्या मोसमाचा शेवटचा सामना होता, हरलो तर खालच्या गटात जाणार. त्या दिवशी रुनेनं अकरा जणांची नावं वाचली, त्यात ओके नव्हता. तेव्हा मधेच खेळाडू बदलायची पद्धत नव्हती. अकरात नाही म्हणजे नाही. ओके कोट घालून प्रेक्षकांत बसला. आम्ही एका गोलनं हरलो.

सामन्यानंतर सगळे नेहमीसारखे गोलाकार बसले. ओके कोटासकट आत आला आणि रुनेच्या शेजारी बसला. मी हातोहात फिरत ओकेकडे आलो. त्यानं मला धरलं, रुनेकडे पाहिलं, काही बोलला नाही, आणि मला रुनेच्या हातात दिलं. सगळे वाट बघत होते. रुनेचे हात गार पडले होते, ते फक्त मला माहीत. आणि रुनेनं काय केलं? मूग गिळून मला पुढच्या पोराकडे सरकवलं.

ओके उठला आणि गेला. ते दोघं पुन्हा कधी भेटले नाहीत. रुनेची नोकरीही त्या हिवाळ्यात गेली.

पुढची दहा वर्षं म्हणजे एक सूटकेस आणि मी. दोन मोसम इथे, एक तिथे, कधी नॉर्वे, कधी फिनलंड. कुठेच त्याचं बस्तान बसेना. बायको सिग्ने होती सोबत, मूलबाळ नव्हतं. १९७४ ला विनिपेगमधल्या स्कँडिनेव्हियन क्लबनं फुटबॉलच्या संघासाठी माणूस हवाय म्हणून पत्र पाठवलं, आणि आलो आम्ही इकडे. इथे आल्यावर कळलं, आपल्या खेळाला हे सॉकर म्हणतात. फुटबॉल म्हणतात तो वेगळाच, लांबट, दोन्हीकडे टोक असलेला. त्याला पायापेक्षा हातातच जास्त धरतात. मी त्याच्याबद्दल काही बोलणार नाही, माझा रक्तदाब वाढतो.

स्कँडिनेव्हियन क्लबही दमला, मग रुने शाळेतल्या पोरांना शिकवायला लागला, मग निवृत्त झाला. एकदा हालविकहून पत्र आलं की ओके वारला. रुनेनं ते पत्र उभ्यानंच वाचलं, आणि त्या दिवसापासून मला तेल चोळायचं बंद केलं.

शेजारी गुरुदत्त देशमुख राहायचे. वीज कंपनीत इंजिनीअर, १९६९ साली पुण्याहून आलेले. त्यांची बायको माधवी. एक मुलगा, स्वानंद. गुरुदत्त आणि रुने यांची मैत्री झाली ती बर्फ शोव्हल करताना. दोघं आपापला ड्राइव्हवे साफ करायचे आणि मग मध्यावर उभे राहून दम खायचे. गुरुदत्तांनी त्याला घरात बोलवायला सुरुवात केली आणि तीन शब्द शिकवले. दार उघडलं की म्हणायचे, "ये, बस, बोल."

आता गंमत बघा. स्वीडिश भाषेत मला म्हणतात 'बोल'. तोंड जरा गोल करायचं आणि शेवटचा ल थोडा रेंगाळू द्यायचा, बस. पहिल्यांदा गुरुदत्त "बोल" म्हणाले तेव्हा रुने गोंधळला, उठला, आपल्या घरी गेला आणि मला घेऊन आला! गुरुदत्त बघतच राहिले. मग उलगडा झाला आणि दोघं पोट धरून हसले. तेव्हापासून हा त्यांचा खास विनोद. हे म्हणायचे "बोल", की रुने मला टेबलावर ठेवायचा. सिग्ने गेली तेव्हाही गुरुदत्त येऊन बसले आणि म्हणाले, "बोल रे." रुनेनं मला मांडीवर घेतलं आणि तासभर तिच्याबद्दल बोलत राहिला.

माधवी त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. तिला बाहेरून ऐकू यायचं ते नुसतं 'बोल'. विनोद काय तो गुरुदत्तांनी तिला सांगितलाच नाही. नवरे सगळं सांगतात थोडंच? आणि २०१३ ला गुरुदत्त हार्ट अटॅकनं गेले. माझं नाव काय ते माहीत असलेला एक माणूस कमी झाला.

२०१६ च्या जूनमध्ये रुनेला स्ट्रोक आला. नव्वदीचा होता. उजवी बाजू गेली आणि इंग्लिश गेलं. चाळीस वर्षांचं इंग्लिश, पुसून टाकल्यासारखं. त्याला केअर होममध्ये ठेवलं. तिथल्या लोकांना वाटलं, वाचाच गेली. गेली नव्हती. स्वीडिश शाबूत होतं. पण हा पठ्ठ्या स्वतःचा नियम पाळत होता. चेंडू हातात नाही, तर बोलायचं नाही.

आणि मी होतो कपाटावर. सामान लावताना कुणीतरी मला तिथे ठेवलं, छताला टेकून. रुने पलंगावरून माझ्याकडे बघायचा, डावा हात जरा उचलायचा आणि म्हणायचा, "बोल."

लोर्ना नावाची फिलिपिनो नर्स होती. फार प्रेमळ बाई. तिनं ऐकलं 'बोल' आणि बाउल घेऊन आली. सूपचा. रुनेनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी सीरिअलचा बाउल. तिसऱ्या दिवशी रिकामा बाउल, उलटी होतेय की काय म्हणून. शेवटी बिचारीनं हात टेकले आणि चार्टवर काहीतरी लिहून टाकलं.

मग आली माधवी. तिनं दारातून हाक मारली, रुनेनं तिच्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे, आणि म्हणाला, "बोल."

माधवीचे डोळे भरून आले. ती पलंगापाशी बसली, पर्स मांडीवर धरून. म्हणाली, "सगळं विसरलात आणि एवढं लक्षात ठेवलंत होय?" तिचं तरी काय चुकलं? विनिपेगच्या महाराष्ट्र मंडळात सगळे तिला 'बोला वहिनी', 'बोला काकू' म्हणणारे. तिला नुसतं 'बोल' म्हणणारा एकच होता आणि तो गेला होता. आता हा एक म्हणतोय.

ती बोलायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते चार. विंटर टायर्स कुठल्या आठवड्यात बदलले, ग्रोसरीत कोथिंबीर कशी काळी पडलेली होती, मंडळाच्या गणपतीत प्रसादाचे मोदक कुणी चक्क फ्रोझन आणले, बेसमेंटमध्ये पाणी कसं शिरलं. रागावून बोलायची, हसून बोलायची. शेजारपाजारच्या उखाळ्यापाखाळ्याही काढायची, कारण इथे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. मला मात्र कळायला लागलं. आणि जाताना एक वाक्य ठरलेलं असायचं. स्वानंद येणार आहे. थँक्सगिव्हिंगला येणार आहे. मग, ख्रिसमसला येणार आहे. मग, केयाची शाळा सुटली की सगळेच येणार आहेत. स्वानंद कॅलगरीला सॉफ्टवेअरमध्ये, केया त्याची मुलगी. रविवारी फोन येतो, केया 'हाय आजी, बाय आजी' म्हणते, असंही ती सांगायची.

माधवी थांबली की रुने पुन्हा माझ्याकडे बघून म्हणायचा, "बोल." आणि ती पुन्हा सुरू.

मी वरून बघत होतो. मला हाक मारतोय, मी ऐकतोय, आणि मला हलता येत नाही. सत्तर वर्षांत मी स्वतःहून एक इंच सरकलो नाही, कुणीतरी लाथ मारावी लागते. पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ओके गेला होता, सिग्ने गेली होती, गुरुदत्त गेले होते. रुनेला काय बोलायचंय ते मला ठाऊक होतं. एक्क्याण्णव सुरू झालं होतं. किती मंगळवार उरले असतील?

२०१७ ची खंडेनवमी शुक्रवारी आली. बाहेर झाडं पिवळी पडली होती. माधवीनं सकाळी घरी पूजा केली होती, हे तिनं आल्याआल्या सांगितलं. गुरुदत्तांची टूलबॉक्स, तिची शिवणाची मशीन, विळी, आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीच्या बॉनेटला कुंकू. मग तिच्या मनात आलं की या माणसानं जन्मभर एकच काम केलं, त्याच्या हत्याराची पूजा कोण करणार? पर्समधून तिनं हळदीकुंकवाची डबी काढली, ग्रोसरीतून आणलेलं शेवंतीचं फूल काढलं. केअर होममध्ये काडी पेटवायची बंदी, म्हणून बॅटरीवर चालणारी पणती काढली. आणि लोर्नाला म्हणाली, तो चेंडू जरा खाली काढून दे.

लोर्ना स्टुलावर चढली. सव्वा वर्षानं मला कुणाचा तरी हात लागला.

माधवीनं मला रुनेच्या मांडीवर ठेवलं. वादीच्या खाली कुंकू लावलं, फूल वाहिलं. मी गाईच्या चामड्याचा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगणार नाही. तिनं हात जोडले. रुनेनं डावा हात माझ्यावर ठेवला, मला पोटाशी ओढलं, आणि एखाद्याला ओळख पटावी तसा म्हणाला, "बोल."

माधवीचे जोडलेले हात तसेच राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं, रुनेच्या हाताकडे पाहिलं, मग वर, कपाटावरच्या मोकळ्या जागेकडे.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "बॉल."

ती खुर्चीत बसली. चेहरा पार उतरला. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला बोल म्हणत नव्हतात." वर्षभर हा माणूस एक वस्तू मागत होता आणि आपण त्याला कोथिंबीर आणि बेसमेंट ऐकवत बसलो, हे तिला कळलं. त्याहून जास्त काय लागलं असेल ते मला कळलं. गुरुदत्त गेल्यापासून तिला या गावात कुणीच बोल म्हणालेलं नव्हतं. तिनं डबी बंद केली, पर्सची चेन लावली आणि उठली.

तेवढ्यात रुने बोलायला लागला.

लोर्ना दारातच थबकली. सव्वा वर्ष एका शब्दावर असलेला माणूस वाक्यांमागून वाक्यं बोलत होता. जीभ जड होती, पण थांबत नव्हता. माधवीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. तो सांगत होता:

"ओके, तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मला वाटायचं, गोल मी मारतो. इटलीत गेल्यावर कळलं, गोल तू मारत होतास, मी नुसता पाय लावत होतो. परत आलो तर तू सदतीस वर्षांचा, आणि अजून तसाच पास देत होतास. मला ते बघवलं नाही. तुझे पाय मंदावलेत असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. तू माझ्याहून चांगला होतास, म्हणून मी तुला बसवलं."

बोलून तो दमला. मान वळवून त्यानं समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. माधवी कधीच परत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. त्याला तिथे कोण दिसत होतं कोण जाणे.

"ओके?" त्यानं विचारलं.

"ओके," माधवी म्हणाली. आणि त्याच्या हातावर हात ठेवून पुन्हा म्हणाली, "ओके, ओके."

रुनेनं डोळे मिटले. त्याच्या पोटाशी मी होतो; त्याचा श्वास खालपर्यंत गेलेला मला जाणवला. त्रेपन्न वर्षं तो कुठेतरी वरच अडकत होता.

मला वाटलं, झालं. पण नियम अजून पुरा व्हायचा होता. रुनेनं डोळे उघडले आणि डाव्या हातानं मला ढकललं. ब्लँकेटवरून घरंगळत मी माधवीच्या हातात आलो.

"बोल," रुने म्हणाला.

आता तिला ठाऊक होतं, बोल म्हणजे मी. पण तो बघत राहिला, जसा तो पूर्वी खेळाडूंकडे बघायचा, आणि तिच्या काय लक्षात आलं न कळे. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. बाहेर कॉरिडॉरमधून जेवणाची ट्रॉली गेली, परत आली.

"स्वानंद येत नाहीये," ती म्हणाली. "येतो असं तो कधी म्हणालाच नव्हता. मीच म्हणत होते."

रुनेनं तोंडानं सूं करून एकदम आत श्वास ओढला. माधवी घाबरून बेल दाबायला उठली. पण त्याचा चेहरा शांत होता. हालविककडची माणसं 'हो' म्हणताना असाच श्वास आत घेतात, शब्दही खर्च करत नाहीत. ती पुन्हा बसली आणि चार वाजेपर्यंत दोघं गप्प बसले. त्या दुपारी तिनं कोथिंबिरीचं नाव काढलं नाही.

रुने जानेवारीत गेला. बाहेर उणे चौतीस होतं. शेवटच्या प्रार्थनेला सहा माणसं होती, त्यातली दोन केअर होमची. लोर्नानं मला ग्रोसरीच्या पिशवीत घालून माधवीच्या हवाली केलं, कारण दुसरं कुणी मागायला आलं नाही. ज्यानं मला अडुसष्ट वर्षं सांभाळलं त्याचं सगळं सामान एका पिशवीत मावलं, आणि त्यात मीच सगळ्यात मोठा होतो.

पुढच्या रविवारी स्वानंदचा फोन आला. माधवी स्पीकर लावून बोलते, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. त्यानं विचारलं, "हाऊ आर यू, आई?" दर वेळी ती 'फाइन' म्हणायची. या वेळी तिनं शेल्फवरून मला उचललं, मांडीवर घेतलं आणि विचारलं, "स्वानंद, मी सगळ्यांना सांगते की तू येणार आहेस. तू येणार आहेस का?"

"वी विल सी, आई."

"सी नको. हो की नाही, तेवढं सांग. मी रागावणार नाही."

मग तो मराठीत म्हणाला, "नाही, आई. नाही जमणार."

"बरं," माधवी म्हणाली. तिचे हात गार पडले नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, म्हणजे मला असता तर. ती रडली, नाही असं नाही. पण रडून झाल्यावर वर गेली. वरच्या खोलीत स्वानंदचा पलंग ती दर महिन्याला धुतलेली चादर घालून तयार ठेवायची. ती चादर काढून तिनं घडी केली आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की कुणाला डबल बेड हवा असेल तर घेऊन जा. रेजिनाहून नुकतंच आलेलं एक जोडपं तो घेऊन गेलं.

आता माझं म्हणाल, तर माझ्यात हवा राहत नाही. इथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या हीटिंगनं चामडं तडकलंय, फुगा कधीच मेलाय, पोटात सिग्नेचे जुने लोकरी मोजे भरलेत. मला आता कुणी लाथ मारली तर मी दोन फूटही जाणार नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी माधवी मला पिशवीत घालून त्याच केअर होममध्ये नेते. लोर्ना तिला सांगते, आज कुठल्या खोलीत कुणाकडे कुणी येत नाही. माधवी जाते, मला त्या माणसाच्या मांडीवर ठेवते आणि समोर बसते. परवा एक युक्रेनियन आजी चाळीस मिनिटं बोलली. माधवीला काही कळलं नाही, आणि त्या आजीला ते चाललं.

तर माझी एवढीच विनवणी आहे. कधी मी तुमच्या हातात आलो, तर मला घाईघाईनं पुढच्याकडे सरकवू नका. एकानं तसं केलं आणि त्याला त्रेपन्न वर्षं पुरलं. मला धरा, हवा तेवढा वेळ गप्प बसा, मग बोला. कुठल्याही भाषेत बोला. समोर माधवी बसलेली असेल पर्स मांडीवर घेऊन. तिला घाई नसते. मंगळवारी उठून गेली, तर शुक्रवारपर्यंत घरी तिची वाट बघणारं कुणी नाही.